चार फ्लोरीन, तीन आकार: एकाकी इलेक्ट्रॉन जोडी नेमके काय करते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्बन टेट्राफ्लोराइड, सल्फर टेट्राफ्लोराइड आणि झेनॉन टेट्राफ्लोराइड या तिन्ही रेणूंत मधल्या अणूला चारच फ्लोरीन जोडलेले आहेत. तरी पहिला रेणू चतुष्फलकीय, दुसरा सी-सॉसारखा आणि तिसरा सपाट चौरस. हा फरक एकाकी जोड्यांमुळे, म्हणजे कोणत्याही बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन जोड्यांमुळे, पडतो असे पुस्तक सांगते. पण जिच्या दुसऱ्या टोकाला अणूच नाही, ती जोडी इतरांना ढकलते कशी? आणि एका एकाकी जोडीमागे बंधकोन अडीच अंशांनी कमी होतो हा नियम खरा असेल, तर हायड्रोजन सल्फाइडचा कोन ९२ अंशांवर कसा येतो?

असेंद्रिय रसायनशास्त्र शिकवताना हे दोन्ही प्रश्न मला दरवर्षी भेटतात, आणि दुसरा प्रश्न विचारणारा विद्यार्थी भेटला की मनापासून आनंद होतो. कारण त्याने पाठ केलेला नियम खऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहिलेला असतो. तो अडीच अंशांचा नियम मी स्वतः कधीच शिकवत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी मोजणी करू. कार्बनचे चार संयुजा (सर्वांत बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन आणि चार फ्लोरीनचा प्रत्येकी एक, मिळून आठ, म्हणजे चार जोड्या. चारही बंधात गुंतलेल्या, एकाकी एकही नाही. सल्फरचे सहा अधिक चार म्हणजे दहा, पाच जोड्या. त्यांतली एक एकाकी. झेनॉनचे आठ अधिक चार म्हणजे बारा, सहा जोड्या. त्यांतल्या दोन एकाकी. फ्लोरीनची संख्या तीच राहिली, पण मध्यवर्ती अणूभोवती जागा मागणारे चार, पाच आणि सहा झाले. चार जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर जायच्या तर चतुष्फलक होतो, पाचांचा त्रिकोणी द्विपिरॅमिड आणि सहांचा अष्टफलक. आकाराचा पाया इथे ठरतो. रेणूला नाव देताना मात्र आपण फक्त अणू कुठे आहेत ते बघतो, एकाकी जोडी मोजत नाही. झेनॉन टेट्राफ्लोराइडच्या अष्टफलकातले समोरासमोरचे दोन कोपरे एकाकी जोड्यांनी घेतले की उरलेल्या चार अणूंचा चौरस डोळ्यांना दिसतो. इलेक्ट्रॉनांची मांडणी आणि अणूंची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षेत सर्वाधिक गुण इथेच जातात. पाण्याचा रेणू चतुष्फलकीय असे लिहिणाऱ्याने मोजणी बरोबर केलेली असते; फक्त उत्तर पहिल्या गोष्टीचे दिलेले असते आणि प्रश्न दुसरीचा असतो.

ही कल्पना एका माणसाची नाही. गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची सामाईक जोडी असे मांडले. १९४० मध्ये सिजविक आणि पॉवेल यांनी जोड्यांची संख्या आणि रेणूचा आकार यांची सांगड घातली. १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या गिलेस्पी आणि नायहोम यांनी तिला आज शिकवले जाते ते रूप दिले. एकाकी जोडीचा रेटा बंधजोडीपेक्षा जास्त असतो हा मुद्दा त्यांनी ठळकपणे पुढे आणला. यालाच आपण व्हीएसईपीआर, म्हणजे संयुजा कवचातल्या इलेक्ट्रॉन जोड्यांच्या अपकर्षणाचा सिद्धांत, म्हणतो.

आता मूळ प्रश्न. ढकलते कशी?

बंधजोडी दोन अणुकेंद्रकांच्या ओढीत असते. दोन्हीकडून ताणलेली असल्यामुळे ती त्यांच्यामधल्या रेषेवर लांबट आणि बारीक राहते. तिचा बराचसा भाग मधल्या अणूपासून दूर गेलेला असतो. एकाकी जोडीला ओढणारे अणुकेंद्रक एकच. ती मध्यवर्ती अणूच्या जवळ राहते आणि तिथेच पसरते, त्यामुळे अणूच्या पृष्ठभागालगत तिचा फैलाव मोठा असतो. बाकीच्या जोड्यांना मिळणारी जागा तेवढी कमी होते आणि त्या एकमेकींच्या जवळ येतात. म्हणजे पलीकडे अणू नसणे ही तिची उणीव नाही. पलीकडे कोणी ओढणारे नाही म्हणूनच ती इथे एवढी जागा व्यापते. तुमच्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले होते.

मात्र 'ढकलणे' या शब्दावर थोडे थांबायला हवे. ऋण प्रभार ऋण प्रभाराला दूर लोटतो एवढ्याने काम भागत नाही, कारण मग एका जोडीतले दोन इलेक्ट्रॉन तरी एकत्र का राहावेत? खरे कारण पाउलीच्या तत्त्वात आहे. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण, तो दोनच प्रकारचा असतो. समान स्पिनचे इलेक्ट्रॉन एकाच जागी असू शकत नाहीत, ते एकमेकांना टाळतात. अष्टकातले, म्हणजे बाहेरच्या कवचातल्या आठ इलेक्ट्रॉनांतले, चार एका स्पिनचे आणि चार दुसऱ्या स्पिनचे असतात. एका स्पिनचे चार एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर राहण्यासाठी चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात. दुसऱ्या स्पिनचे चार आपला स्वतंत्र चतुष्फलक करतात. निऑनच्या सुट्या अणूत हे दोन चतुष्फलक एकमेकांच्या सापेक्ष कसेही फिरलेले असू शकतात. म्हणून निऑनभोवती चार जोड्या चार ठिकाणी बसल्या आहेत असे चित्र काढणे बरोबर नाही. त्याचा इलेक्ट्रॉन मेघ गोल आहे. बंध तयार होतो तेव्हा दुसरा अणू दोन्ही स्पिनचे प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन आपल्या दिशेला खेचतो, आणि दोन्ही चतुष्फलकांचा एकेक कोपरा जुळतो. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये असा एकच कोपरा जुळतो. बाकीचे सहा इलेक्ट्रॉन फ्लोरीनच्या मागच्या बाजूला कड्यासारखे पसरतात, तीन सुट्या जोड्या होत नाहीत. पाण्यात दोन बंध आहेत. दोन कोपरे जुळले की उरलेले दोनही आपोआप एकमेकांवर येतात, आणि तेव्हा कुठे आपल्याला दोन एकाकी जोड्या मिळतात. मला हा विचार पहिल्यांदा समजला तेव्हा विषयाकडे बघण्याची माझी नजर बदलली. एकाकी जोडी बंधात नसली तरी तिला ठिकाण मिळते ते शेजारच्या बंधांमुळेच.

मिथेन १०९.५ अंश, अमोनिया सुमारे १०७, पाणी १०४.५. ही तीन नावे एका रांगेत लिहिली की अडीच अंशांचा नियम जन्माला येतो. आता आणखी काही रेणू पाहा. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडमध्ये अमोनियासारखीच एक एकाकी जोडी आहे, पण कोन सुमारे १०२ अंश. ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये दोन एकाकी जोड्या आहेत आणि कोन सुमारे १०३. डायक्लोरीन मोनॉक्साइडमध्येही ऑक्सिजनवर दोनच एकाकी जोड्या, तरी कोन जवळपास १११ अंश, म्हणजे मिथेनपेक्षाही मोठा. नियमानुसार तिथे १०४.५ यायला हवे होते. म्हणून एकाकी जोडीमुळे कोन किती कमी होईल याचा ठरावीक दर नाही. ती जागा मागते हे खरे. तिला किती मिळेल ते शेजारी कोण आहेत त्यावर अवलंबून.

शेजाऱ्यांपैकी फ्लोरीनची गोष्ट सरळ आहे. त्याची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) जास्त, तो बंधजोडी स्वतःकडे ओढून नेतो. मध्यवर्ती अणूजवळ त्या जोडीची गर्दी कमी होते, एकाकी जोडीला पसरायला वाव मिळतो आणि कोन आक्रसतो. अमोनियाच्या १०७ वरून नायट्रोजन ट्रायफ्लोराइडच्या १०२ वर येण्याचे कारण हेच. क्लोरीन मात्र आकाराने मोठा. ऑक्सिजनसारख्या लहान अणूवर दोन क्लोरीन बसवले की ते एकमेकांनाच अडतात आणि कोन उघडावा लागतो.

आता हायड्रोजन सल्फाइड. ९२ अंशांचा कोन चमत्कारिक वाटतो, कारण आपण पाण्याला नमुना मानतो. थोडा हिशोब करू. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामधले अंतर सुमारे ९६ पिकोमीटर आहे, १०४.५ अंशांच्या कोनात दोन हायड्रोजन एकमेकांपासून सुमारे १५१ पिकोमीटरवर येतात. सल्फर मोठा, त्याचा हायड्रोजनशी बंध सुमारे १३४ पिकोमीटरचा. कोन ९२ अंशांइतका लहान असूनही तिथले दोन हायड्रोजन सुमारे १९३ पिकोमीटर दूर आहेत. म्हणजे पाण्याला कोन उघडा ठेवायला लावणारी हायड्रोजनांची आणि बंधजोड्यांची दाटी इथे जवळपास नाहीच. त्यामुळे एकाकी जोड्यांना हवे तसे पसरता येते.

याच गोष्टीची दुसरी बाजू ऑर्बिटलच्या, म्हणजे अणूभोवती इलेक्ट्रॉन जिथे असण्याची शक्यता जास्त त्या प्रदेशांच्या, भाषेत अधिक स्पष्ट दिसते. एस ऑर्बिटल गोल असते, पी ऑर्बिटल एका दिशेला पसरलेले. सल्फरचे एस ऑर्बिटल ऊर्जेने खाली आणि आटोपशीर असते. बंधात ते फारसे भाग घेत नाही. एकाकी इलेक्ट्रॉनांचा मुक्काम त्याच्याकडे जास्त असतो. बंध होतात ते मुख्यतः पी ऑर्बिटलांनी, आणि पी ऑर्बिटल एकमेकांशी ९० अंशांत असतात. फॉस्फिनचा ९३.५ अंशांचा कोन याच कारणाने. आर्सिन आणि हायड्रोजन सेलेनाइड ९० च्या आणखी जवळ जातात. 'सल्फरचे एसपी३ संकरण आहे, मग कोन १०९ का नाही?' असा प्रश्न आला की मी तो उलटा करायला सांगतो. कोन आधी मोजला जातो. संकरण, म्हणजे एस आणि पी ऑर्बिटलांचे मिश्रण, हा त्या कोनाचे वर्णन करण्यासाठी आपण नंतर वापरलेला शब्द आहे. ९२ अंश मोजून झाल्यावर तिथे एसपी३ म्हणण्याचा आग्रह कशासाठी?

जोडीच कोन बदलते हे पटवण्यासाठी मला सगळ्यात आवडणारे उदाहरण नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन यांच्या तीन रूपांचे आहे. नायट्रोनियम आयनात नायट्रोजनवर एकही जास्तीचा इलेक्ट्रॉन नाही: रेणू सरळ, १८० अंश. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये एक सुटा इलेक्ट्रॉन येतो: कोन सुमारे १३४. नायट्राइट आयनात तिथे पूर्ण जोडी बसते: सुमारे ११५. अणू तेच, फक्त इलेक्ट्रॉन एकेक करून वाढवला. एका इलेक्ट्रॉनची मागणी जोडीपेक्षा कमी आहे हेही इथे कळते, कारण १२० च्या वर कोन असणे म्हणजे तिथे अजून बंधजोड्यांचेच वर्चस्व आहे. दुहेरी बंध मोजायचा कसा असे विचाराल तर, एका दिशेला जे काही आहे ते एक धरा. सल्फर डायऑक्साइडमध्ये दोन बंधदिशा आणि एक एकाकी जोडी, कोन सुमारे ११९.५. एवढे पुरे.

खरी मजा पाच जोड्यांपासून सुरू होते, कारण तिथे सगळ्या जागा सारख्या नाहीत. त्रिकोणी द्विपिरॅमिडमध्ये तीन जागा मधल्या पट्ट्यात असतात, त्यांना विषुववृत्तीय म्हणू. आणि दोन वर-खाली, त्या अक्षीय. अक्षीय जागेवरच्या जोडीला ९० अंशांवर तीन शेजारी लागतात. विषुववृत्तीय जागेवरच्या जोडीला ९० अंशांवर दोनच, बाकीचे दोन १२० अंशांवर. ९० अंशांवरचा शेजार सर्वांत जाचक. म्हणून पसरट एकाकी जोडी विषुववृत्तीय जागा घेते. सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये तसेच होते: दोन फ्लोरीन वर-खाली, दोन मधल्या पट्ट्यात, आणि पट्ट्यातली तिसरी जागा जोडीची. आडवा केला की हाच सी-सॉ. आणि जोडी तिथे नुसती बसून राहत नाही. मधल्या दोन फ्लोरीनमधला कोन १२० वरून सुमारे १०२ वर येतो. अक्षीय फ्लोरीन १८० वरून सुमारे १७३ अंशांपर्यंत वाकतात, तेही जोडीपासून दूर. बंधांची लांबीही सारखी नाही, अक्षीय बंध सुमारे १६५ पिकोमीटर आणि विषुववृत्तीय सुमारे १५५. एकाकी जोडी फक्त कोन बदलते असे समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये अशा दोन एकाकी जोड्या आहेत. इथे विद्यार्थी हमखास चुकतात, आणि चूक विचारपूर्वक केलेली असते, म्हणून मला ती तपासून बघायला आवडते. दोन एकाकी जोड्या एकमेकींपासून दूर हव्यात, म्हणून एक वर आणि एक खाली ठेवू. तीन फ्लोरीनचा सपाट त्रिकोण मिळेल. ऐकायला छान. आता ९० अंशांवरच्या भेटी मोजा. जोड्या अक्षीय ठेवल्या तर प्रत्येकीला तीन बंधजोड्या ९० अंशांवर भेटतात, एकूण सहा. एक अक्षीय आणि एक विषुववृत्तीय ठेवली तर त्या दोघी एकमेकींनाच ९० अंशांवर भेटतात, ते सर्वांत वाईट. दोन्ही विषुववृत्तीय ठेवल्या तर त्या परस्परांपासून १२० अंशांवर राहतात आणि बंधजोड्यांशी ९० अंशांच्या भेटी चारच होतात. रेणू हीच मांडणी घेतो. उरतो तो टी आकार, आणि त्याचे हातही किंचित वाकलेले, कारण कोन ९० नसून सुमारे ८७.५ अंश आहे. अडीच अंशांचा हा फरक पूर्वीच्या नियमाशी योगायोगाने जुळतो. त्यात काही शोधू नका.

तिसरी एकाकी जोडी आली की विषुववृत्ताच्या तिन्ही जागा भरतात आणि उरलेले दोन अणू वर-खाली राहतात. झेनॉन डायफ्लोराइड सरळ का, आणि ट्रायआयोडाइड आयन सरळ का, याचे उत्तर एवढेच. एकाकी जोड्या असल्या की रेणू वाकडा होणारच असे मानणाऱ्याला हे दोन रेणू दाखवावेत. जोड्या तीन आहेत, पण सममित बसल्या आहेत, त्यामुळे त्यांचे रेटे एकमेकांना तोलतात.

सहा जोड्यांच्या मांडणीत सगळे कोपरे सारखे असल्याने पहिली एकाकी जोडी कुठेही बसली तरी फरक पडत नाही. ब्रोमीन पेंटाफ्लोराइड चौरस पिरॅमिड होतो, आणि तळाचे चार फ्लोरीन जोडीपासून दूर, वरच्या फ्लोरीनकडे झुकतात. कोन सुमारे ८५ अंश. ब्रोमीन त्यामुळे चौरसाच्या पातळीत न राहता थोडा खाली, जोडीच्या बाजूला दिसतो. दुसरी जोडी आली की ती पहिलीच्या बरोबर समोर जाते. झेनॉन टेट्राफ्लोराइडचा चौरस असा तयार होतो, आणि दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा असल्याने तो तंतोतंत सपाट राहतो. नील बार्टलेटने १९६२ मध्ये झेनॉनचे पहिले संयुग केले आणि त्याच वर्षी झेनॉन टेट्राफ्लोराइडही तयार झाले. निष्क्रिय म्हणून शिकवल्या गेलेल्या वायूची संयुगे हातात आली तेव्हा, त्यांचे आकार नुसत्या जोड्या मोजून सांगता येत होते. या पद्धतीबद्दल मला आदर वाटतो तो यामुळे.

पण सातव्या जोडीशी ती अडखळते, आणि तेही सांगायला हवे. झेनॉन हेक्साफ्लोराइडमध्ये सहा बंध आणि एक एकाकी जोडी आहे. व्हीएसईपीआर सांगते की हा नियमित अष्टफलक नसेल, आणि प्रयोगातही तो विकृत अष्टफलकच निघाला. फ्लोरीनच्या तीन-तीन अणूंच्या एखाद्या पृष्ठातून जोडी डोकावते आणि ती एका पृष्ठाकडून दुसऱ्याकडे सहज सरकत राहते, त्यामुळे रेणू सतत रूप बदलत असतो. इथपर्यंत ठीक. आता टेल्युरियमचा हेक्साक्लोराइड आयन घ्या, दोन ऋण प्रभारांचा. मोजणी तीच, सात जोड्या. तरी तो नियमित अष्टफलक आहे. एकाकी जोडी आहे, पण आकारात तिचा मागमूस नाही. मोठ्या सहा क्लोरीनच्या दाटीत तिला बाजूला जागाच मिळत नाही, आणि ती अणूभोवतीच्या गोल एस ऑर्बिटलात राहते. अशा जोडीला आकाराच्या दृष्टीने निष्क्रिय म्हणतात. जड अणूंत हा प्रश्न वारंवार येतो. शिशाच्या द्विसंयुजी संयुगांत हीच एस जोडी कधी लपते, तर कधी ठळक दिसते. तांबड्या शिसे मोनॉक्साइडमध्ये प्रत्येक शिशाला चारही ऑक्सिजन एकाच बाजूला जोडलेले आहेत आणि दुसरी बाजू जोडीने अडवलेली आहे. संक्रमण धातूंचे तर बोलायलाच नको. तिथे डी ऑर्बिटलांचे गणित चालते, व्हीएसईपीआर वापरू नये.

माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त फसवणारी परिस्थिती मात्र वेगळीच आहे. जोडी असते, अणू हलका असतो, जागाही असते, आणि तरी आकार वाकत नाही. ट्रायमिथाइलअमीनचा नायट्रोजन पिरॅमिडच्या टोकावर आहे. मिथाइलच्या जागी सिलिल गट ठेवले, म्हणजे कार्बनऐवजी सिलिकॉन आला, की ट्रायसिलिलअमीन सपाट होतो. जोड्यांची मोजणी दोन्हीकडे सारखीच. फरक असा की सिलिकॉनकडे नायट्रोजनची एकाकी जोडी काही प्रमाणात सामावून घेणारी रिकामी जागा आहे. जुनी पुस्तके ती सिलिकॉनच्या डी ऑर्बिटलांत शोधत. आता सिलिकॉन आणि हायड्रोजन यांच्या बंधाची प्रतिबंधी (इलेक्ट्रॉन आल्यास बंध सैल करणारी, एरवी रिकामी) ऑर्बिटले आणि मोठ्या सिलिल गटांचे परस्पर अपकर्षण यांना अधिक महत्त्व दिले जाते. जोडी एका अणूवर स्थिर राहिली नाही, की तिचा रेटाही ओसरतो.

अमाइडमध्ये हे आणखी स्पष्ट आहे. नायट्रोजनची जोडी शेजारच्या कार्बोनिल गटात पसरते, आणि त्यासाठी नायट्रोजनला सपाट व्हावे लागते. कार्बन-नायट्रोजन बंध १४७ पिकोमीटरऐवजी सुमारे १३३ इतका आखूड होतो आणि सहज फिरत नाही. लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी १९५१ मध्ये ब्रॅन्सन यांच्यासोबत प्रथिनांची अल्फा सर्पिल रचना मांडली, तिच्या मुळाशी पेप्टाइड गट सपाट असतो हा आग्रह होता. एका नायट्रोजनवरची जोडी कुठे जाते, यावर प्रथिनांची घडण उभी आहे. म्हणून कागदावर जोडी काढली की मी लगेच पुढचे विचारतो: हिला शेजारी कुठे जायला वाट आहे का? वाट नसेल तर मोजणीवर विश्वास ठेवा. असेल तर थांबा आणि अनुनाद संरचना, म्हणजे त्याच रेणूची इलेक्ट्रॉन वेगळ्या जागी दाखवणारी चित्रे, काढून बघा.

काहीजण याच्याही पलीकडे जाऊन विचारतात की पाण्यावर सशाच्या कानांसारख्या काढलेल्या दोन एकसारख्या जोड्या खऱ्या आहेत का. पाण्याच्या वाफेतून प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याचा प्रयोग केला तर सर्वांत सैल इलेक्ट्रॉन सुमारे १२.६ इलेक्ट्रॉनव्होल्टला निघतात आणि त्यांच्यानंतरचे १४.७ ला. जोड्या एकसारख्या असत्या तर एकच आकडा यायला हवा, असा आक्षेप घेतला जातो. एक जोडी रेणूच्या पातळीला लंब असलेल्या पी ऑर्बिटलात आणि दुसरी रेणूच्या पातळीत, असे वर्णन या प्रयोगाला जास्त जुळते. पण दोन्ही वर्णनांतून मिळणारी एकूण इलेक्ट्रॉन घनता एकच असते, आणि रेणूचा आकार त्या घनतेवरून ठरतो. इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याचा प्रश्न असेल तर दुसरे चित्र घ्या. बर्फात प्रत्येक पाण्याला चार शेजारी चतुष्फलकाच्या दिशांना का असतात, दोन त्याच्या हायड्रोजनकडे आणि दोन त्याच्या जोड्यांकडे, हे सांगायचे असेल तर पहिले चित्र सोयीचे आहे.

जोडी केवळ हिशोबापुरती नाही याचे मोजता येण्याजोगे पुरावे भरपूर आहेत. अमोनियाचा डायपोल मोमेंट (रेणूतल्या प्रभाराच्या असमान वाटपाचे माप) १.४७ डिबाय आहे, नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा अवघा ०.२३ च्या आसपास. फ्लोरीनचे बंध जास्त ध्रुवीय असूनही असे का? अमोनियात तिन्ही बंधांचा कल आणि एकाकी जोडीचा कल एकाच दिशेला आहे, त्यांची बेरीज होते. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरीन इलेक्ट्रॉन एकीकडे ओढतात आणि जोडी बरोबर उलट बाजूला असते. दोन्ही एकमेकांना जवळपास खोडून काढतात. जोडी वगळून हे दोन आकडे समजावून सांगता येत नाहीत.

अमोनियाचा पिरॅमिड छत्रीसारखा उलटतोही. सपाट अवस्थेतून पलीकडे जायला मोलमागे सुमारे २४ किलोज्यूल एवढाच अडसर आहे, आणि पुंज यांत्रिक बोगद्यातून हा उलटफेर सेकंदाला अब्जावधी वेळा होतो. चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये चालवलेला पहिला मेसर (लेसरचा सूक्ष्मलहरींतला भाऊबंद) याच अमोनियाच्या सुमारे २४ गिगाहर्ट्झ संक्रमणावर आधारलेला होता. फॉस्फिनमध्ये मात्र हा अडसर कितीतरी पटींनी मोठा आहे, कारण ९३ अंशांवरून १२० वर जाताना एस ऑर्बिटलात आरामात असलेल्या जोडीला शुद्ध पी ऑर्बिटलात ढकलावे लागते. म्हणून तीन वेगवेगळे गट असलेल्या फॉस्फिनचे डावे-उजवे रूप वेगळे करून बाटलीत ठेवता येते. साध्या अमीनचे ठेवता येत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा ९२ अंशांचा कोन आणि फॉस्फिनची ही स्थिरता, दोन्हींचे कारण एकच आहे.

शेवटी तुमच्या पहिल्या शंकेसाठी एक साधी तपासणी. अमोनियाच्या एकाकी जोडीला दुसऱ्या टोकाला अणू देऊन पाहा, म्हणजे एक प्रोटॉन जोडा. अमोनियम आयन मिळतो. जोडी आता दोन अणुकेंद्रकांच्या ओढीत आली, बारीक झाली, आणि बाकीच्या तीन बंधांना जागा मोकळी झाली: कोन १०७ वरून १०९.५ वर उघडतो. प्रोटॉन काढून घ्या, की तो परत १०७ वर येतो.